धोबीपछाड

धोबीपछाड हा शब्द राजकारणाच्या बातम्यांत इतक्यांदा वाचतो आपण, की तो मुळात कुस्तीचा डाव आहे हेच विसरतो. ज्युदोत त्याचा सख्खा भाऊ आहे, सेओइनागे. माझी नात डोंबिवलीत तो शिकते आहे आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून मीही (नुसता पाहूनच हं!).

समोरच्याची उजवी बाही डाव्या हाताने ओढून त्याचा तोल पुढे आणायचा. गर्रकन वळून पाठ करायची, उजवा हात त्याच्या काखेखाली अडकवायचा, गुडघे वाकवून आपली कंबर त्याच्या पट्ट्याखाली न्यायची. पाठ त्याच्या छातीला चिकटली की गुडघे सरळ करत पुढे झुकायचं. जोर पायांचा. नुसतं कमरेतून वाकून उचलाल तर पाठ धरलीच म्हणून समजा!

मला भावलं ते पुढचं. फेकल्यावरही बाही सोडायची नाही, वर ओढून धरायची; म्हणजे पडणाऱ्याचं डोकं आपटत नाही. पडणाऱ्याने हनुवटी छातीला लावून मोकळ्या हाताने मॅटवर थाप मारायची. हात टेकून सावरायला गेलं तर मनगट जातं. म्हणून आधी पडायला शिकवतात, फेकायला नंतर.

१८८२ साली ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो पेशाने शिक्षकच होते, ते उगीच नाही!

सत्तरीनंतर आम्ही बाथरूममध्येही भिंत धरून चालतो... आणि ही दहा वर्षांची पोर हसत पडते, हसत उठते. "मुलीच्या जातीला हे कशाला?" म्हणणाऱ्या समस्त काका-मामांनी एकदा येऊन बघावं. खुर्ची मी देतो.