तशी डॉक्टर नव्हे

मराठी माणसाच्या घरात शिक्षणाची एक ठरलेली वेळ असते. ती साधारण पंचविसाव्या वर्षी संपते. त्यानंतर माणसाने फार तर ज्ञानेश्वरीचे पारायण करावे, पेटी शिकावी, नाहीतर गुडघेदुखीवरच्या घरगुती उपायांचा व्यासंग करावा. पण चोपन्नाव्या वर्षी दप्तर उघडून बसावे, आणि तेही डॉक्टरेटसाठी, हे आपल्या वेळापत्रकात बसत नाही. त्यामुळे २०२१ साली न्यू जर्सीतल्या आमच्या स्वयंपाकघरात वरणाला फोडणी देता देता ही म्हणाली, "मी डी.एन.पी. करावं म्हणतेय." आमच्या घरात नवा पदार्थही याच स्वरात जाहीर होतो. मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणालो, "कर की."

डी.एन.पी. म्हणजे डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस. पीएच.डी. नव्हे. पीएच.डी.वाला नवे ज्ञान निर्माण करतो, डी.एन.पी.वाली बाई आधीच निर्माण होऊन कपाटात पडलेले ज्ञान उचलून रोग्याच्या पलंगापर्यंत नेते. दुसरे काम जास्त अवघड आहे, असे माझे मत झाले आहे. कपाटापासून पलंगापर्यंतच्या वाटेत फार माणसे उभी असतात.

अमेरिकेत या प्रकरणाची सुरुवात १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात झाली. लोरेटा फोर्ड या नर्सबाई आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, या दोघांनी नर्सला जादा शिक्षण देऊन तपासणी आणि उपचार करायला शिकवण्याचा वर्ग काढला. त्यातून 'नर्स प्रॅक्टिशनर' ही जात जन्माला आली. पुढे २००४ साली तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने ठराव केला, की या वरच्या दर्जाच्या नर्सिंगसाठी २०१५ पर्यंत डॉक्टरेट हीच पदवी असावी. २०१५ आले आणि गेले. मास्टर्सवाल्यांचे काम अजून सुखाने चालू आहे. ठराव आणि अंमलबजावणी यांतले हे अंतर पाहून अमेरिका मला प्रथमच आपली वाटली. भूल देणाऱ्या नर्सेसनी तेवढे मनावर घेतले. त्यांच्या अभ्यासक्रमात २०२२ पासून नव्याने शिरणाऱ्याला डॉक्टरेटच करावी लागते.

"मग सक्ती नसताना तू कशाला करतेस?" मी विचारले.

"वीस वर्षं मी पलंगाशेजारी उभी आहे," ही म्हणाली. "कुठे काय अडतं ते मला दिसतं. २०२० साली तर रोज दिसत होतं. पण ते मीटिंगमध्ये सांगायला खुर्ची लागते."

खुर्चीवरून विनोद करण्याचा मोह मी आवरला. २०२० साली ही रोज रात्री गॅरेजमध्ये कपडे बदलून घरात यायची आणि न बोलता आंघोळीला जायची, ते मी पाहिले होते.

आमच्या हिचे नर्स होणे हे मुळात घरात कोणी ठरवलेले नव्हते. हिच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मुलगी डॉक्टर व्हायला हवी होती. बारावीला थोडे मार्क कमी पडले आणि १९८५ साली ही मिरजेला नर्सिंगला गेली. अण्णांनी विरोध केला नाही. फक्त तेव्हापासून ते एक वाक्य वापरू लागले : "ती हॉस्पिटलात असते." काय म्हणून असते, ते ऐकणाऱ्याने समजून घ्यायचे. १९९२ साली आमच्या लग्नाच्या बोलण्यांत माझ्या आत्याने विचारले, "मुलगी काय करते?" अण्णा म्हणाले, "हॉस्पिटलात असते." आत्या हळहळली आणि म्हणाली, "अगं बाई! काय होतंय तिला?"

गंमत अशी, की ज्या नातेवाइकांना नर्स हा शब्द चारचौघांत उच्चारवत नव्हता, ते सगळे रात्री पोटात कळ आली की हिलाच फोन करत. डॉक्टरांना काय विचारायचे हे हिला विचारत, आणि डॉक्टर काय म्हणाले त्याचा अर्थही हिलाच विचारत. या दोहोंच्या मधली पाच मिनिटे तेवढी डॉक्टरांची. अण्णा २००९ साली गेले, तेव्हा शेवटचे तीन आठवडे त्यांना कुशीवर वळवायला हीच होती. तेव्हाही भेटायला आलेल्या एका शेजाऱ्याला ते क्षीण आवाजात म्हणाले, "ही अमेरिकेत हॉस्पिटलात असते."

असो. अभ्यास ऑनलाइन होता. विद्यापीठ दूरच्या राज्यात, आणि विद्यार्थिनी आमच्या जेवणाच्या टेबलाच्या पूर्वेकडच्या टोकाला. आनंदीबाई जोशी १८८३ साली कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि न्यूयॉर्कला उतरेपर्यंत जून उजाडला. आमच्या हिचा प्रवास ओट्यापासून टेबलापर्यंत. तरी वाटेत वादळे सारखीच. आमचे एक स्नेही कौतुकाने मला म्हणाले, "तुम्ही म्हणजे अगदी गोपाळराव!" हे मला मान्य नाही. अभ्यास कर म्हणून मी आयुष्यात कोणाच्या मागे लागलेलो नाही. स्वतःच्याही नाही.

ऑनलाइन वर्गात एक अजब प्रथा असते. दर आठवड्याला एक विषय देतात. बुधवारपर्यंत त्यावर आपले मत लिहायचे आणि रविवारी रात्री ११ वाजून ५९ मिनिटांपर्यंत दोन सहाध्यायांच्या मतांवर मत द्यायचे. मत द्यायला मुदत लागते, हे कोणत्याही मराठी माणसाला नवलाचे वाटेल. शिवाय मत देताना आधी स्तुती करायची, मग शंका काढायची, आणि तिला गेल्या पाच वर्षांतल्या संशोधनाचा आधार द्यायचा. हिने सवयीने ही पद्धत घरातही चालू केली. "तुम्ही चहा केलात हे फार चांगलं केलंत. मला एकच कुतूहल आहे, साखरेऐवजी मीठ घालण्याला आधार कोणता?"

रविवारची ती ११:५९ची वेळ मिरजेत सोमवारी सकाळी ९:२९ला उजाडते. थंडीत अमेरिका आपली घड्याळे एक तास मागे घेते, तेव्हा १०:२९ला. सासूबाईंना डॉक्टरेट म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, पण ही वेळ पाठ होती. चार वर्षे दर सोमवारी त्या मिनिटापर्यंत त्यांनी देवापुढे दिवा तेवत ठेवला. नोव्हेंबरात तो एक तास उशिरापर्यंत जळायचा. मिरजेतला हा बहुधा एकमेव देव असेल, ज्याची पूजा न्यूयॉर्कच्या घड्याळाप्रमाणे चालत असे.

परीक्षा घरीच, पण कॅमेऱ्यासमोर. आधी संगणक उचलून सगळी खोली फिरवून दाखवायची : टेबलाखाली, खुर्चीमागे, भिंतींवर. पलीकडच्या पहारेकरी बाईने भिंतीवरच्या फोटोतल्या टोपीवाल्या गृहस्थांबद्दल चौकशी केली. ते वडील आहेत आणि ते उत्तरे सांगणार नाहीत, अशी खात्री पटल्यावर पेपर सुरू झाला. दीड तास घरात दुसऱ्या माणसाचा आवाज येता कामा नये, म्हणून मी गॅरेजमध्ये. कुकरलाही शिट्टी मना होती.

पण ऑनलाइन म्हणजे सगळेच टेबलावर होते असे नाही. या पदवीसाठी हिला प्रत्यक्ष कामाचे १००० तास भरावे लागले, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली. त्या माणसाला प्रीसेप्टर म्हणतात, आणि हिच्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे तो आपला आपण शोधायचा. मुलीचे लग्न जमवलेल्या माणसाला हा शोध वेगळा सांगायला नको. तोच बायोडेटा, तेच "कळवतो", आणि तेच न कळवणे. एका ठिकाणी सगळे जुळले, तर त्यांना आधीच दुसरी विद्यार्थिनी सांगून आलेली. शेवटी चाळीस मैलांवरच्या एका दवाखान्यातल्या नर्स प्रॅक्टिशनर बाईंनी होकार दिला, तेव्हा मी शेजारी पेढे वाटायला निघालो होतो.

डोक्यापासून पायापर्यंत रोगी तपासण्याची चित्रफीतही पाठवायची होती. त्यासाठी एक सज्ञान मनुष्य हवा असतो. घरात उपलब्ध तेवढाच होता. मला पाहुण्यांच्या पलंगावर बसवून कॅमेरा सुरू झाला. ही अत्यंत परक्या आवाजात इंग्रजीत म्हणाली, "रोगी सुपोषित दिसतो." एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या पोटाचा इतका सभ्य उल्लेख प्रथमच झाला. मग प्रश्न : तुमचे नाव काय, तुम्ही आत्ता कुठे आहात, आज वार कोणता? मी कोण, या प्रश्नावर आपल्याकडे ऋषिमुनींनी आयुष्ये घालवली, इथे दहा सेकंदांत उत्तर हवे असते. आणि निवृत्त माणसाला वार विचारणे हा तर निव्वळ अन्याय आहे.

शेवटी प्रकल्प. त्याचा प्रश्न एका ठरलेल्या साच्यात मांडतात : कोणत्या रोग्यांत, काय केल्याने, कशाच्या तुलनेत, कोणता परिणाम, किती काळात. साचा उत्तम आहे. त्यात काहीही बसते. 'साठी उलटलेल्या नवऱ्यांमध्ये, जेवणानंतर भांडी स्वतः घासल्याने, टीव्हीसमोर बसण्याच्या तुलनेत, घरातली शांतता तीन महिन्यांत वाढते काय?' हा नमुना हिने मला समजावण्यासाठी दिला होता, असे ही सांगते. प्रयोग अजून चालू आहे.

हिचा खरा विषय हृदय अशक्त झालेल्या रोग्यांचा होता. ही माणसे बरी होऊन घरी जातात आणि महिन्याच्या आत पुन्हा दाखल होतात. २०१२ पासून मेडिकेअर, म्हणजे तिथली म्हाताऱ्यांची सरकारी विमा योजना, असे रोगी ३० दिवसांत फार प्रमाणात परत आले तर इस्पितळाचे पैसे कापते. त्यामुळे हा विषय मीटिंगमध्ये आपोआप महत्त्वाचा झाला. घरी जाताना रोग्याला सगळे सांगितलेले असते : रोज सकाळी वजन करा, मीठ कमी खा, पायाला सूज आली किंवा एका दिवसात वजन दोन-तीन पौंडांनी वाढले तर लगेच फोन करा. रोगी मान डोलावतो. आणि ही म्हणते, सगळा घोटाळा त्या डोलावण्यात आहे. "समजलं का?" असे विचारले की माणूस "हो" म्हणतो. त्याऐवजी, "आता घरी गेल्यावर काय करणार, ते तुमच्या शब्दांत मला सांगा," असे म्हणायचे. याला टीच-बॅक म्हणतात. चुकले तर रोगी नापास नव्हे, सांगणारा नापास. त्याने पुन्हा नीट सांगायचे. शोध जुनाच. रोजच्या कामात तो सगळ्या नर्सेसकडून करवून घेणे आणि काय फरक पडला ते मोजणे, हा प्रकल्प.

मोजणे हे हिचे खास प्रेम. "नाइटिंगेलबाईंचा दिवा सगळ्यांना आठवतो," ही म्हणते, "वही कोणाला आठवत नाही." ते खरे आहे. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त मेले, हे त्या बाईने १८५८ साली रंगीत आकृती काढून सरकारला दाखवले होते. हिच्या आकृतीची रेघ फार नाही, पण खाली आली. अहवालातही हिने तसेच लिहिले : 'कमी झाले, फार नाही.' मी म्हटले, जरा जोरात लिही. म्हणाली, "रेघ जेवढी खाली आली तेवढीच आली."

मे २०२५ मध्ये पदवीदान झाले. चार वर्षे शिकलेले विद्यापीठ आम्ही तेव्हा प्रथम पाहिले. तिथे प्रत्येक शाखेचा रंग ठरलेला, नर्सिंगचा जर्दाळू. भगवा नव्हे, केशरी नव्हे, जर्दाळू. त्या काठाचे वस्त्र हिच्या गळ्यात पडले आणि दुसऱ्या मिनिटाला माझ्या फोनवर मिरज-सांगलीहून वर्षाव सुरू झाला : 'डॉक्टरीणबाईंचे अभिनंदन!' एका चुलतभावाने अभिनंदनाबरोबर स्वतःच्या मणक्याचा एम.आर.आय.ही जोडला होता. अमेरिकेत काही राज्यांत कायदाच आहे, की अशा नर्सने रोग्यापुढे स्वतःला डॉक्टर म्हणवले तर आपण नर्स आहोत हेही सांगावे. सांगली जिल्ह्यात असा कायदा नाही. हिने मात्र प्रत्येकाला उत्तर पाठवले, 'आभारी आहे. मी नर्सच आहे.' काहींना तो विनय वाटला, काहींना पदवी खोटी आहे की काय अशी शंका आली.

मग मी टीच-बॅकचा अवलंब करायचे ठरवले. आत्याला फोन लावून सगळे सविस्तर सांगितले आणि म्हटले, "आता तुला काय समजलं ते तुझ्या शब्दांत सांग." आत्याचे वय ब्याण्णव. म्हणाली, "समजलं की! इतकी वर्षं हॉस्पिटलात होती, आता बरी झाली."

सांगणारा नापास. पुन्हा नीट सांगायचे. सासूबाईंना मी अगदी सावकाश सांगितले आणि तोच प्रश्न विचारला.

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "हे बघा, ती आहे नर्सच. रात्री उठून बघणारी. फक्त पूर्वी लोक सांगायचे आणि ती लिहून घ्यायची. आता ती सांगते आणि लोक लिहून घेतात. बरोबर ना?"

"बरोबर, आई."

"मग ठीक. ह्यांना कधी जमलं नाही, ते मी कालच उरकलं. देवळात चौघींनी विचारलं, मुलगी काय करते? म्हटलं, नर्स आहे."

मुदत उलटून चाळीस वर्षे झालेली, आणि आधाराला गेल्या पाच वर्षांतले एकही संशोधन नाही. पण मी पैकीच्या पैकी मार्क दिले.