चांगली पटाशी



माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून पटाशीला मी रुखानीच म्हणायचो. मागच्या वर्षी शाळेसाठी चकचकीत, स्वस्त पटाशा आणल्या. सागावर चार घाव बसताच धार वळली. बोथट हत्याराला जोर जास्त लागतो, ते घसरते. एका मुलाचा अंगठा कापला. चूक माझी होती.

मग मोहनखेड्याच्या रस्त्यावर उतरलेल्या गाडिया लोहाराने ट्रकच्या जुन्या कमानपट्टीची पटाशी घडवली. लाल तापवून विझवली, पुन्हा हलकेच तापवून गवती पिवळा रंग येताच थांबला. याला पाणी देणे म्हणतात. त्यावर कानस घसरली, धार आजही टिकून आहे.

पालकहो, हत्यारांसाठी नागौर प्रसिद्ध आहे. पण आधी दारचा कारागीर ओळखा, आणि त्याच्याशी घासाघीस करू नका.