थोडेसे

मावशीच्या अंडाशयाच्या कर्करोगाचे निदान झाले तेव्हा तो पोटाच्या आतल्या आवरणावर पसरलेला होता. ह्या रोगाची चाहूलच अशी, की बाई तिला अपचन समजते. पोट गच्च वाटते, दोन घासांत भरल्यासारखे होते, परकराची नाडी सैल बांधावी लागते. मावशीने सहा महिने ओवा खाल्ला होता.

केमोथेरपीच्या तिसऱ्या खेपेला परिचारिकेने आमच्या हाती एक प्रश्नावली दिली. कर्करोगाच्या कुठल्याही रुग्णाला विचारायचे ३० प्रश्न, आणि खास अंडाशयाच्या कर्करोगासाठीचे आणखी २८. युरोपात तयार झालेली ही प्रश्नावली जगभर वापरली जाते. आमच्या हातात होते ते तिचे मराठी भाषांतर. गेल्या आठवड्यात दुखले का, झोप लागली का, पोट फुगले का? उत्तराच्या पायऱ्या चार : मुळीच नाही, थोडेसे, बरेच, खूप. मी प्रश्न वाचत होते, मावशी उत्तर देत होती आणि मी खूण करत होते.

"थोडंसं," मावशी म्हणाली. पुढच्याला, "थोडंसं." त्याच्या पुढच्यालाही तेच.

कपडे पोटावर घट्ट होतात का, असा एक प्रश्न आला तेव्हा मात्र ती हसली. "हे कुणा बाईनंच लिहिलंय बघ," म्हणाली, आणि उसवलेल्या झंपरांची हकिकत दहा मिनिटे सांगत बसली. त्या हकिकतीला कागदावर जागा नव्हती. मी "बरेच" वर खूण केली. शरीरसंबंधांविषयीचे प्रश्न मी न वाचताच ओलांडले. सत्तरीच्या विधवा मावशीला हे काय विचारायचे, असे मीच ठरवून टाकले.

हातापायांना मुंग्या येतात का? "थोडंसं." तीही खूण मी केली.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आले : खुणा मी करत होते, कारण मावशीला पेन धरता येत नव्हते.

भाषांतर शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. असे कागद आधी मराठीत आणतात, मग दुसऱ्याकडून परत इंग्रजीत नेऊन मुळाशी ताडून पाहतात, मग रुग्णांना वाचायला देतात. आपल्याकडे कवितेच्या भाषांतराच्या वाट्याला इतकी तपासणी क्वचितच येते. शब्दाला शब्द बरोबर होता. पण आमच्या घरात "थोडंसं" हे प्रमाण नव्हेच. पाहुण्याला द्यायचे ते उत्तर आहे. गुणांकनाच्या रीतीनुसार प्रत्येक लक्षणाचे ० ते १०० असे माप काढतात, त्यात "थोडेसे" म्हणजे ३३. मावशीचा संकोच तिथे ३३ ह्या आकड्याने नोंदला गेला होता.

दुसरीही एक गोष्ट असते. माणूस आजाराला सरावतो आणि त्याची मोजपट्टीच सरकते. कालचे "खूप" आज "थोडेसे" होते. संशोधकांनाही हे ठाऊक आहे, ह्या सरकण्यावर त्यांनी बरेच लिहिले आहे.

एलेन स्कॅरी ह्यांचे १९८५चे 'द बॉडी इन पेन' आपण वर्गात शिकवतो, वेदना भाषेला दाद देत नाही असे सांगतो, आणि अशा प्रश्नावल्यांकडे किंचित तुच्छतेने पाहतो. मीही पाहत असे. पण न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. पसरलेल्या कर्करोगाचे ७६६ रुग्ण त्यात होते, स्त्रीरोगांतले कर्करोगही होते. ज्या गटाने आपली लक्षणे संगणकावर नियमित नोंदवली आणि ती बळावताच ज्यांच्या परिचारिकांना सूचना गेली, त्या गटाचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने भरले. नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणाऱ्यांचे २६. आकडा कुणीतरी वाचतो आणि हालचाल करतो, तेव्हा त्याचे असे महिने होतात.

पुढच्या खेपेला मी परिचारिकेला सगळे सांगितले. तिने मावशीला एकच विचारले, "आजी, झंपराचे हूक तुम्ही लावता?"

"नाही गं. सून लावते."

त्याच दिवशी डॉक्टरांनी पॅक्लिटॅक्सेलची मात्रा कमी केली. बोटांच्या नसा ह्याच औषधाने बधिर होतात, आणि वेळीच आवरले नाही तर हा बधिरपणा कायमचा राहू शकतो. माझी ती खूण तशीच राहिली असती तर काय झाले असते, हा विचार मी अजून टाळते.

तीस प्रश्नांच्या शेवटी एकूण जगण्याला १ ते ७ पैकी आकडा द्यायचा असतो. त्या पहिल्या दिवशी मावशी म्हणाली होती, "पाच लिही. नातीचं लग्न ठरलंय." वर्षभराने आजार उलटला. पोटातले पाणी दर आठवड्याला काढावे लागत होते, आतडे अडले होते, अन्न बंद होते. तेव्हाही मी तो प्रश्न वाचला. डोळे न उघडता ती म्हणाली, "पाच."

लग्न तोवर होऊन गेले होते. हे पाच कशाचे, ते विचारायचे राहून गेले.