तीन सातबारे, एक नांगर

अब्बांच्या माघारी सांगोला तालुक्यातल्या आमच्या दहा एकरांची वाटणी झाली. अम्मी आधीच गेल्या होत्या. शरीअतच्या हिशेबाने दोन भावांना चार-चार एकर, मला दोन. 'बहिणीनं हक्कसोड करून द्यावं, माहेर टिकतं,' असं गावातल्या बायका म्हणाल्या. मी दिलं नाही. भाऊ थोडे दुखावले. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यात अडकलेलं आहे.

आमचं रान उताराचं. वर मुरमाड, खाली काळी. प्रत्येकाला दोन्ही मिळावी म्हणून वरपासून खालपर्यंत तीन उभ्या पट्ट्या पाडल्या. माझी मधली. कागदावर याहून न्याय्य वाटणी नाही. पण पट्टी इतकी चिंचोळी, की आडवं नांगरायचं तर तीस-पस्तीस पावलांवर वळावं लागे. ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो, वळणार कोण? तिघांचीही रानं उताराच्या दिशेने नांगरली गेली. अब्बांनी घातलेले आडवे बांध त्यात मोडले, बांधावरचं मारवेल गवतही गेलं.

आमच्याकडचा पाऊस मुळात थोडा, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात, दोन-चार दणक्यांत. 2018 साली तोही आला नाही. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली. दाणा नाही आणि कडबाही नाही. (उर्दूत करबी. दोन्ही भाषा शिकवते, म्हणून असा शब्द भेटला की बरं वाटतं.) माणसाला रेशनचं धान्य तरी मिळतं, बैलाला काय? भाईजाननी बैलजोडी बाजारात विकली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मे महिन्याच्या सुटीत रानात गेले. वरच्या अंगाला मुरूम उघडा पडला होता आणि आमची माती खाली ओढ्यात साचलेली. मी म्हटलं, सातबारे तीन राहू देत, नांगर एकच फिरू दे, आडवा.

धाकटा म्हणाला, "आपा, हिस्सा घेतलात, आता आमच्या रानातून नांगरही?"

मला उत्तर सुचलं नाही. त्याचं अगदीच चूक नव्हतं. आडव्या नांगरटीत हद्द पुसते, आणि हद्दीवरून कोर्टात गेलेले भाऊ गावाने पाहिलेत. भाईजान तेवढे तयार झाले. आमच्या हद्दीच्या दोन्ही टोकांना दगड पक्के रोवले.

तीन काठ्यांची चौकट, मधे सुतळीला टांगलेला दगड. एवढ्यावर समपातळीची रेषा निघते, कृषी सहायकांनी दाखवलं. भूगोलाच्या बदली तासाला समोच्च रेषा मी कितीदा वाचून दाखवली असेल. ती चुन्याने रानातून वाकडीतिकडी गेली, तेव्हा मला कळली. त्या रेषेवर बांध घातले, वर मारवेलाचे ठोंब लावले. जुलैत छोटे बंदिस्त वाफे पाडले, पाणी जिथल्या तिथे मुरावं म्हणून. मग वाफे मोडून मालदांडी पेरली.

त्या वर्षी पाऊसही बरा झाला, सगळं श्रेय वाफ्यांना देणार नाही. एका ठिकाणी बांध फुटलाही. पण जोराच्या पावसानंतर धाकट्याच्या रानातून चहासारखं पाणी वाहत होतं, आमच्याकडचं बरंच निवळ. कडब्याची गंजी गोठ्याच्या छपराहून उंच लागली.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्याचा फोन आला. हिश्शाबद्दल चकार शब्द नाही.

"आपा, ती काठ्यांची चौकट कुठं ठेवलीय?"

भाईजानच्या गोठ्यात होती. म्हटलं, घेऊन जा, पण आधी त्यांना बरोबर घेऊन हद्दीचे दगड रोवून घे.