आई-बाबा, हम्पी आणि माझी एक्सेल शीट

ट्रिपची एक्सेल शीट बनवणाऱ्या जमातीत तुम्ही मोडता का? मी मोडते. किती वाजता निघायचं, कुठल्या स्पॉटला किती मिनिटं, जेवण कुठे, फोटो कुठे... सगळं रंगीत कॉलममध्ये. ऑफिसात प्रोजेक्ट प्लॅन करून करून हात एवढा बसलाय की, गोव्याला जातानासुद्धा बीचसमोर 'दीड तास' असं लिहिलं होतं! फ्रेंड्सबरोबर हे खपून जातं. ते फार तर शिव्या घालतात आणि झोपा काढतात. खरी गोची झाली ती आई-बाबांना घेऊन हम्पीला गेले तेव्हा.

बाबा रिटायर होऊन वर्ष झालं होतं. आईचं म्हणाल, तर 'मला काही नको गं' हे तिचं पेटंट वाक्य. कुठे जायचं विचारलं की 'तू नेशील तिथे'. पण हम्पीचं नाव निघालं तेव्हा ती पहिल्यांदाच म्हणाली, "तिथे विठ्ठलाचं देऊळ आहे ना? ते बघायचंय मला."

बस्स, ठरलं. डिसेंबरात चार दिवसांची रजा टाकली, तीन तिकिटं काढली आणि अर्थातच एक शीट बनवली.

पहिला घोळ तिकिटापासूनच. पुण्याहून हुबळीची रात्रीची ट्रेन. मी आपली तिघांची नावं एकाच तिकिटावर टाकून मोकळी झाले. आई गुडघेदुखीवाली, आणि तिला मिळाला अप्पर बर्थ! रेल्वेत सीनियर सिटिझन्ससाठी लोअर बर्थचा वेगळा कोटा असतो. पुरुष साठीच्या पुढचे आणि बायका पंचेचाळीसच्या पुढच्या. पण त्यात एका तिकिटावर फक्त एक किंवा दोन प्रवासी चालतात, आणि तेही दोघं वयात बसणारे. माझं नाव जोडलं की कोटा गेला! आई-बाबांचं तिकीट वेगळं काढायला हवं होतं. हे ज्ञान मला समोरच्या सीटवरच्या काकांनी दिलं, आणि वर स्वतःचा लोअर बर्थही दिला.

हुबळीहून होस्पेट दीडशे किलोमीटरच्या आसपास. होस्पेटला मुक्काम केला, कारण हम्पी तिथून अवघ्या तेरा किलोमीटरवर. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला रिक्षा दारात. शीटवर त्या दिवसाचे अकरा स्पॉट्स!

हम्पी म्हणजे एखादं देऊळ किंवा किल्ला नाही. विजयनगर साम्राज्याची अख्खी राजधानी आहे ती. १५६५च्या लढाईनंतर उद्ध्वस्त झालेली, १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेली. प्रचंड खडक, केळीच्या बागा, मधून वाहणारी तुंगभद्रा आणि मैलोन् मैल पसरलेले अवशेष. मी मात्र घड्याळ बघत होते. विरूपाक्ष मंदिर, चाळीस मिनिटं. उग्र नरसिंह, दहा मिनिटं. हत्तीखाना, लोटस महाल, राणीचं स्नानगृह, चला चला चला! महानवमी डिब्ब्याच्या पायऱ्यांपाशी आई थांबली. "तू ये जाऊन. मी बसते इथे." मी मनात म्हटलं, बरं झालं, वेळ वाचला.

खरंच, मी असंच म्हटलं.

एवढी धावपळ करून विठ्ठल मंदिराशी पोचलो तेव्हा तिकीट खिडकी बंद झाली होती. आईला जे एकच बघायचं होतं, ते मी 'ग्रँड फिनाले' म्हणून शेवटी ठेवलं होतं. सूर्यास्त, फोटो वगैरे. "असू दे, उद्या बघू," आई म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही.

रात्री हॉटेलच्या गॅलरीत ती मावशीशी फोनवर बोलत होती. मी आत मोबाइल चार्जिंगला लावत होते. "बघायला खूप आहे गं," ती म्हणाली, "पण हिच्या मागे धावताना बघायचंच राहिलं."

तक्रारीचा सूर अजिबात नव्हता, हे जास्त लागलं. सांगायचं तर मलाच सांगता आलं असतं. पण लेकीनं एवढी रजा काढून, एवढा खर्च करून आणलंय, तिला कसं सांगायचं? आपले आई-बाबा असेच असतात ना!

सकाळी चहा पिताना मी शीट न उघडताच विचारलं, "आज काय करायचं?"

"विठ्ठल," आई म्हणाली. "आणि मग काही नाही."

देऊळ उघडता उघडता पोचलो. पार्किंगपासून आत साधारण एक किलोमीटर बॅटरीवर चालणारी गाडी नेते, त्यामुळे गुडघ्याची चिंता मिटली. समोरच तो दगडी रथ. रथ कसला, रथाच्या आकाराचं गरुडाचं देऊळ ते! बाबांनी पाकिटातून पन्नासची नोट काढली आणि नोटेवरचा रथ समोरच्या रथाशी ताडून बघत बसले. एकेक चाक, एकेक खांब. पंधरा मिनिटं! शीटमध्ये रथाला पाच होती.

गाभाऱ्यात मूर्ती नाही. मला हे ठाऊक होतं, पण आईला सांगायचं राहून गेलं होतं. मी जरा घाबरतच तिच्याकडे बघितलं. तिने हात जोडले. मग म्हणाली, "तो पंढरपुरातच आहे की! कृष्णदेवरायाने इकडे आणला होता, भानुदासांनी परत नेला असं सांगतात. एकनाथांचे पणजोबा ते. मला त्याचं इथलं घर बघायचं होतं."

नंतर आम्ही सावलीत बसलो. नुसते बसलो. अर्ध्या तासाने बाबांना काहीतरी आठवलं. लग्नानंतर दोघं पहिल्यांदा एसटीने पंढरपूरला गेले होते. परतीच्या गाडीत जागा नव्हती म्हणून बाबा उभे आणि आई सुटकेसवर बसून! "आणि सुटकेस माझ्या माहेरची होती, तुटली ना ती," आई म्हणाली. दोघं हसत सुटले. तीस वर्षं मी यांच्या घरात राहिले, ही गोष्ट मला पहिल्यांदा कळत होती. कारण त्या आधीच्या कुठल्याच ट्रिपमध्ये मी त्यांना बोलायला वेळ ठेवला नव्हता.

त्या दिवशी आम्ही एकच देऊळ पाहिलं, दुपारी मस्त झोप काढली आणि संध्याकाळी हेमकूट टेकडीवर सूर्यास्त बघितला. चढ सोपा आहे, आईसुद्धा आली. हळूहळू, पण आली.

तर मंडळी, तुम्हीही घरच्यांना घेऊन निघणार असाल, तर माझ्या चुकांमधून एवढं घ्या:

* रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं (२०२४च्या नोव्हेंबरपासून, आधी १२० दिवस होतं). तारीख कॅलेंडरवर टाका. आई-बाबांचं तिकीट वेगळं काढा.
* प्रत्येकाला विचारा, 'तुला एकच गोष्ट बघायची असेल तर कुठली?' ती पहिल्या दिवशी सकाळी. फिनालेसाठी काही राखून ठेवू नका.
* हम्पीत विठ्ठल मंदिराचं तिकीट त्याच दिवशी लोटस महालाच्या परिसरात आणि कमलापूरच्या म्युझियममध्येही चालतं. तेव्हा सुरुवात विठ्ठल मंदिरापासून करा, पैसेही वाचतील.
* ऑक्टोबर ते फेब्रुवारी बेस्ट. तरीही खडक दुपारी तापतात. बारा ते चार रूमवर.
* टोपी, पाण्याची बाटली, न घसरणारे बूट, रोजच्या गोळ्या हँडबॅगेत. सुटे पैसे हवेतच.
* वेग ठरवायचा तो सगळ्यात हळू चालणाऱ्याचा.

आणि हो, शीट मी अजूनही बनवते, सवय कुठे जाते! फक्त आता त्यात रोज दोन तासांचा एक रकाना रिकामा असतो. परवा आईने तो बघितला आणि विचारलं, "इथे काय आहे गं?"

"काही नाही," म्हटलं, "बसायचंय."

"मग पुढच्या वेळी बदामीला जाऊ," ती म्हणाली. 'मला काही नको' म्हणणारी माझी आई!