जर्मन नाताळांतील आपले आप्त

साठी उलटल्यावर नवी भाषा शिकावयास बसणें म्हणजे घरच्या मंडळींस थट्टेचा विषय पुरविणें होय. परंतु माझा मुलगा सहकुटुंब जर्मनींत ड्रेस्डेन शहरीं राहतो, आणि तेथें जन्मलेला सहा वर्षांचा नातू मराठींत दोन वाक्यांपलीकडे जात नाहीं. स्वतःच्या नातवाशीं बोलण्यास दुभाष्या लागावा, हें मला मानवेना. म्हणून मीं जर्मन भाषेचें पुस्तक हातीं घेतलें.

व्याकरणापेक्षां तेथील हिंवाळ्यानेंच मला अधिक शिकविलें. नाताळास जर्मन लोक 'वाइनाख्टन' म्हणतात. हा सामासिक शब्द. मूळ अर्थ 'पवित्र रात्री'. यांतील 'नाख्ट' आणि आपलें 'नक्तम्' हीं एकाच कुळांतलीं. दालचिनी घालून ताऱ्याच्या आकाराचीं बिस्किटें करतात, तीं 'त्सिम्टश्टेर्ने'. त्यांतील 'श्टेर्न' हा आपल्या 'तारा' शब्दाचा आप्त. हे झाले भाऊबंद.

दुसरे शब्द व्यापाराच्या वाटेनें गेलेले सोयरे. मध व मसाले घालून केलेल्या खाद्यास 'फेफरकूखन' म्हणतात. त्यांतील 'फेफर', म्हणजे मिरीं, हा शब्द आपल्या 'पिप्पली'पासून निघून ग्रीक व लॅटिन भाषांतून तेथें पोंचला. आल्याचें 'इंगवर' मूळचें 'शृंगवेर', आणि साखरेचें 'त्सुकर' मूळची 'शर्करा'.

ड्रेस्डेनचा मनुका घातलेला 'श्टोलन' नांवाचा गोड पाव प्रसिद्ध आहे. नाताळापूर्वींच्या उपवासांत लोणी निषिद्ध असल्यामुळें पूर्वीं तो तेलांत करीत. १४९१ सालीं पोप आठवे इनोसंट यांनीं लोण्याची मुभा दिली. आपल्याकडे उपवासास तूप चालतें, तेल मात्र कित्येक घरीं वर्ज्य. तेथें नेमकें उलट! हें ऐकून आमच्या घरांत मोठें नवल झालें.

नाताळापूर्वींच्या चार रविवारीं तेथें हिरव्या डहाळ्यांच्या चक्रावर दर वेळीं एक मेणबत्ती वाढवीत जातात. १८३९ सालीं हॅम्बुर्ग येथें योहान विखर्न यांनीं गरीब मुलांकरितां असें चक्र प्रथम केलें. नातू दूरध्वनीवर मेणबत्त्या मोजतो, 'आइन्स, त्स्वाय, द्राय'. मी 'एक, द्वि, त्रि' म्हणतों, आणि तो मजेनें माझ्यामागून म्हणतो.

शब्दांचें नातें हजारों वर्षें टिकलें. माणसांचें मात्र बोलणें तुटतांच एका पिढींत विरतें. ज्यांचीं नातवंडें परदेशीं आहेत, त्यांनीं तेथील भाषेचा चार दिवस अभ्यास करावा. तिचेंच बोट धरून मूल मराठीकडे येऊं लागतें.