सुट्टीतल्या प्रेमकादंबरीस, भीमाशंकरहून

प्रिय सुट्टीतल्या प्रेमकादंबरी,

तुझी-माझी गाठ पडली ती तळेघरला. मी चौदा वर्षांची होते. मावशी तिथल्या दवाखान्यात नर्स होती आणि मे महिना लागला की आई मला मंचरहून एसटीत बसवून तिच्याकडे धाडायची. घोडेगाव मागं पडून डिंभ्याचं पाणी दिसायला लागलं की मी खिडकी सोडायची नाही. वर चढावं तसा अंगणाअंगणांत वाळत घातलेला बाळहिरडा दिसायचा. त्याचा तुरट वास माझ्या मनात अजून सुट्टीचाच वास आहे.

तू मावशीच्या ट्रंकेत होतीस, लुगड्यांच्या खाली. मुखपृष्ठ कधीच गेलेलं, वर्तमानपत्राचं कव्हर, आत कुठल्याशा वाचनालयाचा जांभळा शिक्का. तुझं नाव मला आजही ठाऊक नाही. पुण्याची मुलगी मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर माथेरानला जाते आणि जाऊ नये त्याच्या प्रेमात पडते, एवढी तुझी गोष्ट. संध्याकाळी ती त्याच्याबरोबर एकटीच फिरायला निघते, त्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘जाऊ नको गं.’

ती तीन शब्दांची विनवणी बघून मला तुझी ताकद कळली. छापून झालेल्या गोष्टीतल्या मुलीला थांबवायला कुणी पेन्सिल शोधत उठतं, याहून मोठी दाद कुठल्या पुस्तकाला मिळते?

तरी तुला लोकांनी कायम पाठीमागं लपवलं. खरं तर तुझं मराठीतलं घराणं चांगलं नांदतं आहे. ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि ‘जादूगार’, ‘दौलत’ लिहायचे. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर फडके-खांडेकरांच्या नावानं गावोगावचे वाचक भांडले. पण घरात भांडण वेगळंच असायचं: मुलीच्या हातात हे पुस्तक आलंच कसं? पुढं कादंबरीकार चंद्रकांत काकोडकरांच्या बाबतीत ते भांडण कोर्टात गेलं. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. एका कवीच्या आयुष्यात एकामागून एक आलेल्या तीन स्त्रिया, हा तिचा विषय. उच्च न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं ते फिरवलं. सात वर्षं! प्रेमात माणूस चुकतो, पुन्हा पडतो, पुन्हा चुकतो, हे लिहिलं म्हणून.

मला तू आवडतेस ती याचसाठी. आमच्या घरांत मुलीची चूक म्हणजे आयुष्यभराचा डाग होता. कुणाशी दोनदा बोलताना दिसली तर तिसऱ्या दिवशी स्थळं बघायला सुरुवात. तुझ्या पानांत मात्र एखादी मुलगी भलत्याच माणसावर भाळायची आणि तरी सकाळी उठून केस विंचरायची, मैत्रिणीशी हसायची, पोहे खायची. तिच्यावर आभाळ कोसळायचं नाही. चौदाव्या वर्षी हे वाचून मला केवढा धीर आला होता.

म्हणूनच तुझ्यावर माझा राग आहे, तोही सांगते. शेवटच्या वीस पानांत तू कच खातेस. तो भलता माणूस एकतर खलपुरुष निघतो, नाहीतर सगळा गैरसमज होता असं ठरून तोच योग्य वर निघतो. एखादं पत्र उशिरा मिळालेलं असतं, बहिणीला कुणी प्रेयसी समजलेलं असतं. मग तिच्या चुकीचं काय झालं? ती चूक तिची होती, तिनं केलेली होती. तू ती तिच्या हातातून काढून घेतेस आणि बदल्यात मंगळसूत्र देतेस.

एकदा इकडे ये. माथेरान, महाबळेश्वर, काश्मीर पुष्कळ झालं. मेअखेरीस ये, पहिल्या पावसाच्या जरा आधी, जेव्हा काजवे झाडंच्या झाडं उजळतात आणि अख्खं झाड एका दमात विझतं. तुझी नायिका मित्र-मैत्रिणींबरोबर खांडसहून गणेश घाटानं चढून येऊ दे. त्यांच्यात एकजण असेल, दिसायला छान, सगळ्यांच्या सॅक उचलणारा, गाणारा. ती भाळू दे. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर दोघं मागं राहू देत. करवंदांनी तिची बोटं चिकट होऊ देत. आणि दोन दिवसांनी नागफणीच्या कड्यावर बसल्या बसल्या तिच्या लक्षात येऊ दे, की त्यानं आपल्याला अजून एकही प्रश्न विचारलेला नाही. काय शिकतेस, काय आवडतं, पायाला काय लागलंय, काहीच नाही. माणूस वाईट नाही, फक्त तिचा नाही. एवढंच लिही. हे लिहायला तुला खलपुरुष लागणार नाही.

इथं शेकरू आहे, ज्याच्यासाठी १९८५ साली हे जंगल अभयारण्य झालं. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट. उंच झाडांच्या शेंड्याकडे, बारीक फांद्यांच्या बेचक्यात ते काटक्या-पानांचं घरटं बांधतं. एक बांधून थांबत नाही, आणखी बांधतं. पिलं त्यातल्या एखाद्यातच वाढतात. लहानपणी मावशी मला वर बोट करून रिकामी घरटी दाखवायची आणि मी ती मोजायचे. तुझ्या नायिकेलाही एका दुपारी मान दुखेपर्यंत वर बघू दे. काही बोलायला लावू नकोस तिला.

मावशी आता थकली आहे. गेल्या मेमध्ये तिच्याकडे गेले तेव्हा ट्रंक आवरताना तू पुन्हा हाती लागलीस. पेन्सिलीनं लिहिलेलं ते पान उघडून तिच्यापुढं धरलं. म्हटलं, हे तूच लिहिलंस ना?

तिनं चष्मा पुसला, अक्षर निरखलं आणि मान हलवली.

“मी नाही बाई. आधीच कुणी लिहिलेलं होतं. मी तीनदा वाचलं हे पुस्तक, आणि दर वेळी वाटायचं, जाऊ दे की तिला.”

तुझी,
तळेघरची वाचक